खंडेनवमीचे तेल वर्षभर पुरत नाही

२१ ऑगस्ट २०१९. बिहारच्या सुपौल जिल्ह्यातले बलुआ बाजार गाव. माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रा यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार चालले होते आणि तेव्हाचे मुख्यमंत्री नीतीश कुमार समोर उभे होते. मानवंदनेसाठी पोलिसांच्या तुकडीने बंदुका आकाशाकडे रोखल्या. हुकूम सुटला, चाप ओढले गेले, आणि काहीच झाले नाही. बावीस बंदुकांपैकी एकीचाही बार उडाला नाही. चित्रफीत देशभर फिरली, लोक हसले, चौकशीचे आदेश निघाले. काडतुसे सादळली होती की बंदुकांनीच दगा दिला, हा पुढचा तपशील. आदल्या दिवशी कोणीतरी ती शस्त्रे आणि तो दारूगोळा हातात घेऊन नीट पाहिला असता, तर एका माजी मुख्यमंत्र्याला मुकी सलामी मिळाली नसती.

त्याआधी दहा महिने, ऑक्टोबर २०१८ मध्ये, उत्तर प्रदेशातल्या संभल जिल्ह्यात गुन्हेगारांचा पाठलाग करणाऱ्या पोलिसांपैकी एकाचे पिस्तूल ऐन चकमकीत अडकले. मग शेजारच्या अधिकाऱ्याने तोंडाने ‘ठाँय ठाँय’ असे ओरडायला सुरुवात केली. यावर विनोदांचा पाऊस पडला. खरे तर त्या अधिकाऱ्याने जे सुचले ते केले, कारण हातातले यंत्र चालेना. हसायचेच असेल तर ते पिस्तूल ज्या शस्त्रागारातून बाहेर आले तिथल्या नोंदवहीवर हसायला हवे.

आपल्याकडे शस्त्राची आठवण ठरलेल्या दिवशी होते. खंडेनवमीला पोलीस मुख्यालयात रायफली, कार्बाइन, पिस्तुले ओळीने मांडली जातात, हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूच्या माळा चढतात, साहेबांच्या हस्ते नारळ फुटतो. ही परंपरा चांगलीच आहे; पूजेच्या निमित्ताने का होईना, त्या दिवशी प्रत्येक शस्त्र पुसले जाते आणि त्याला तेल लागते. अडचण उरलेल्या दिवसांची आहे. नवे शस्त्र आले की बातमी होते, मंत्री ते खांद्याला लावून छायाचित्र काढून घेतात. त्या शस्त्राबरोबर किती सुती कापड, किती तेल, किती ब्रश आणि मुख्य म्हणजे किती वेळ मंजूर झाला, हे कोणी विचारत नाही. शस्त्र ऐनवेळी चालेल की नाही, हे मात्र पुष्कळदा याच क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर ठरते. सुरक्षेवर खर्च करणाऱ्या सरकारांनी खरेदीइतकेच लक्ष साफसफाईकडे दिले पाहिजे, एवढाच या लेखाचा आग्रह आहे. इतिहास त्याच्या बाजूने भक्कमपणे साक्ष देतो.

ही साक्ष थेट १८५७ पासून सुरू होते. शाळेच्या पुस्तकात गाईच्या आणि डुकराच्या चरबीची काडतुसे सगळ्यांनीच वाचलेली असतात. पण काडतुसाला चरबी लावायची गरजच का पडली, हे तिथे क्वचित सांगितले जाते. १८५३ ची एनफिल्ड ही ठासणीची रायफल होती. तिच्या नळीत आतून पीळदार खाचा होत्या. त्या खाचांमुळे गोळी फिरत जाई आणि दूरवर अचूक लागे. पण काळी दारू जळली की नळीत काजळीचा चिकट थर साठतो. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीत गोळी सैल बसत असल्याने हा थर फारसा नडत नसे. एनफिल्डमध्ये मात्र काही बार झाल्यावर पुढची गोळी गजाने ठासून आत जाईना. म्हणून गोळीच्या बाजूच्या कागदाला चरबी आणि मेण यांचा लेप. ठासतानाच नळीला वंगण मिळायचे आणि काजळी मऊ पडायची. हे वंगण कशाचे आहे याचा विचार कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कोठारातल्या साहेबांनी केला नाही. जानेवारी १८५७ मध्ये तिथे कुजबुज सुरू झाली. नंतर सरकारने शिपायांना स्वतःच्या पसंतीचे वंगण वापरायची मुभा दिली, काडतूस दाताऐवजी हाताने फाडायची नवी कवायतही आणली, पण तोवर विश्वास उडाला होता. एप्रिलमध्ये मेरठला ८५ स्वारांनी काडतुसे घ्यायला नकार दिला आणि १० मे रोजी भडका उडाला. उठावाची कारणे अर्थातच खोल होती, ती वंगणात मावणारी नाहीत. तरीही एका साम्राज्याच्या कारभाऱ्यांनी बंदुकीच्या तेलपाण्याकडे कोठारातली किरकोळ बाब म्हणून पाहिले आणि त्याची किंमत मोजली, एवढे खरे.

काळी दारू गेली, बिनधुराची दारू आली, तरी नळीतली घाण गेली नाही. तिचे रूप बदलले. पहिल्या महायुद्धाच्या आणि नंतरच्या काळातल्या बहुतेक काडतुसांच्या टोपणात पोटॅशियम क्लोरेट असे. ते पेटले की मागे पोटॅशियम क्लोराइड उरते. हा मिठाचाच भाऊबंद. हवेतला ओलावा ओढून घेतो आणि एका दमट रात्रीत पोलादाला गंज चढवतो. तेलात मीठ विरघळत नाही, त्यामुळे नुसते तेल चोपडून उपयोग नसतो. म्हणून जुने ब्रिटिश शिपाई ‘थ्री नॉट थ्री’च्या नळीत फनेलने उकळते पाणी ओतत. पाण्याने मीठ वाहून जाई, तापलेली नळी लगेच कोरडी पडे आणि मग तेलाचा हात फिरे.

त्या ली-एनफिल्ड रायफलीच्या लाकडी दस्त्यात मागच्या बाजूला पितळी झाकणाचा एक कप्पा असे. त्यात तेलाची छोटी कुपी आणि फुलथ्रू, म्हणजे एका टोकाला वजन असलेली आणि दुसऱ्या टोकाला कापड अडकवायचे फासे असलेली दोरी. एनसीसीत गेलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांना हा सरंजाम तोंडपाठ आहे. सफाईची चिंदी चार इंच बाय दोन इंच, तेलाची चिंदी चार बाय दीड. दोरी चेंबरकडून सोडायची, तोंडाकडून सरळ ओढायची, मध्ये थांबायचे नाही. फायरिंगच्या आधी नळी कोरडी करायची, कारण तेलकट नळीतून पहिली गोळी भलतीकडे जाते. फायरिंगनंतर त्याच दिवशी साफ, आणि पुढचे काही दिवस पुन्हा पुन्हा, कारण घाण पहिल्या दिवशी पूर्ण सुटत नाही. कवायतीच्या मैदानावरची ही घोकंपट्टी कंटाळवाणी वाटते खरी. पण ज्यांनी तो कप्पा रायफलीच्या अंगातच कोरला, त्यांना एक गोष्ट नेमकी कळली होती. सफाईचे सामान शस्त्रापासून वेगळे ठेवले की ते हरवते.

पुढे काही दशकांनी जगातल्या सर्वांत श्रीमंत सैन्याला हे पुन्हा शिकावे लागले, आणि ती शिकवणी भयंकर महाग पडली.

एम-१६ ही यूजीन स्टोनर यांच्या आराखड्यावर आधारलेली रायफल. हलकी, अॅल्युमिनियम आणि प्लास्टिकची, लहान व्यासाची गोळी वेगाने फेकणारी. जंगलात मैलोन्‌मैल चालणाऱ्या सैनिकाला हवी तशीच. १९६५ नंतर ती मोठ्या संख्येने व्हिएतनाममध्ये पोचू लागली. तिच्याबरोबर एक अफवाही पोचली, की ही नव्या युगाची रायफल आहे, हिला फारशी साफसफाई लागत नाही. अनेक तुकड्यांना रायफल मिळाली पण सफाईचे सामान मिळाले नाही. गज नाहीत, ब्रश नाहीत, योग्य तेल नाही, नीट प्रशिक्षण नाही. त्या सुरुवातीच्या रायफलींच्या दस्त्यात सामान ठेवायला कप्पासुद्धा नव्हता.

त्यातच पडद्याआड आणखी दोन निर्णय झाले होते. पहिला दारूचा. स्टोनर यांनी आराखडा ज्या प्रकारच्या दारूवर बेतला होता, ती बदलून लष्कराने गोल कणांची दुसरी दारू स्वीकारली. या दारूने रायफलीचा गोळ्या झाडण्याचा वेग वाढला आणि काजळीही जास्त झाली. एम-१६ मध्ये गोळीमागचा जळता वायू एका बारीक नळीतून थेट बोल्टच्या घरात येतो, म्हणजे काजळीही रायफलीच्या पोटातच जमते. दुसरा निर्णय पैसे आणि वेळ वाचवण्याचा. चेंबरला आतून क्रोमचा मुलामा द्यायचा नाही. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागराच्या बेटांवर गंजाने काय केले होते, हे त्याच लष्कराला ठाऊक होते. तरी मुलामा वगळला गेला.

व्हिएतनामच्या पावसात जे व्हायचे तेच झाले. चेंबरला गंजाचे बारीक खड्डे पडले. गोळी झाडली की पितळेची पुंगळी फुगते आणि क्षणात पुन्हा आकसून बाहेर येते. खड्डे असलेल्या चेंबरमध्ये ती तिथेच धरून बसू लागली. तिला बाहेर ओढणारा आकडा पुंगळीची कड फाडून रिकामाच मागे येई. आता उपाय एकच. तोंडाकडून गज घालून पुंगळी मागे ठोकून काढायची, म्हणजे १८५७ सालच्या शिपायासारखी हातात ठासणी घ्यायची, फरक इतकाच की समोर स्वयंचलित कलाश्निकोव्ह घेतलेला शत्रू. आणि गज तर सगळ्यांकडे नव्हताच. १९६७ च्या वसंतात खे सान्हच्या आसपासच्या टेकड्यांवर मरीन सैनिकांनी याच रायफली घेऊन लढाई केली. मे महिन्यात न्यू जर्सीचे लोकप्रतिनिधी जेम्स हॉवर्ड यांनी अमेरिकी संसदेत एका मरीनने घरी पाठवलेले पत्र वाचून दाखवले. आपले मेलेले साथीदार सुटी केलेली रायफल शेजारी घेऊन पडलेले सापडले, असे त्यात लिहिले होते.

संसदेने मिसूरीचे प्रतिनिधी रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली. ऑक्टोबर १९६७ मधल्या तिच्या अहवालाने अधिकाऱ्यांच्या वागण्याला गुन्हेगारी हलगर्जीपणाच्या सीमेवर नेऊन ठेवले. त्या अहवालातली एक गोष्ट आजही वाचताना चीड येते. बदललेल्या दारूने रायफल कारखान्याच्या चाचणीत नापास होईल, म्हणून ती बनवणाऱ्या कंपनीला चाचणी जुन्या दारूवर घ्यायची परवानगी मिळाली होती. कारखान्यात एका दारूवर पास झालेली रायफल रणांगणावर दुसऱ्या दारूने चालवायची! कागद स्वच्छ राहिले, चेंबर मात्र गंजले.

मग सुधारणा आल्या. चेंबरला क्रोम, नवा बफर, सफाईचे सामान, पुढे दस्त्यात कप्पा. आणि एक गमतीदार गोष्ट. १९६८ मध्ये अमेरिकी लष्कराने विल आयस्नर या नामांकित चित्रकथाकाराकडून रायफलीच्या देखभालीची चित्रपुस्तिका काढून घेतली. रायफलीला नखरेल तरुणीच्या तोंडून बोलायला लावणारी ती पुस्तिका आजच्या कोणत्याही सरकारी कार्यालयात मंजूर होणार नाही इतकी चावट आहे, पण अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांनी ती वाचली. लष्करी परिपत्रके कोणी वाचत नाही, हे ओळखणाऱ्या त्या अज्ञात अधिकाऱ्याला खरे तर पदक द्यायला हवे होते.

या कहाणीचा एक उलटा परिणाम झाला. ‘एम-१६ नाजूक, एके-४७ अमर’ अशी जगभर समजूत रुजली. चिखलात पुरा, वाळूत लोळवा, एके चालणारच, असे छातीठोकपणे सांगितले जाते. यात तथ्य आहे, पण अर्धेच. कलाश्निकोव्ह यांच्या रायफलीत हलत्या भागांमध्ये मोकळी जागा भरपूर आहे, वायूचा दट्ट्या जड आहे, नळीला आणि चेंबरला आतून क्रोम आहे. त्यामुळे ती घाण सहन करते. तरीही त्याच रायफलीच्या नळीखाली सफाईचा गज कायमचा लावलेला असतो आणि लाकडी दस्त्यातल्या कप्प्यात ब्रश व इतर सामानाची डबी असते. जिला सफाई लागत नाही असे लोक म्हणतात, तिच्या निर्मात्याने सफाईचे सामान तिच्या अंगावरच बांधून दिले! एके वापरणाऱ्यांनी या गजाकडे बघून काय ते समजावे.

इथे दुसऱ्या टोकाचाही विचार करायला हवा, कारण सफाईच्या नावाखाली शस्त्रांचा छळही होतो. छावणीत तपासणी असली की साहेब पांढरे कापड नळीत घालून बघणार, त्यावर करडी रेघ दिसता कामा नये, म्हणून जवान तासन्‌तास घासत बसतात. दोरी तिरकी ओढली की नळीचे तोंड एका बाजूने झिजते. जुन्या ली-एनफिल्ड रायफलींच्या बाबतीत ही दोरीची झीज इतकी नेहमीची आहे की गोळ्यांपेक्षा सफाईनेच नळ्या जास्त खाल्ल्या, असे जाणकार म्हणतात. नळीच्या तोंडाची गोलाई बिघडली की नेम गेलाच. अमेरिकेत पॅट रॉजर्स या निवृत्त मरीन आणि पोलीस अधिकाऱ्याने आपल्या प्रशिक्षण वर्गांतली एक कार्बाइन मुद्दाम जवळजवळ अजिबात साफ केली नाही, फक्त तिला भरपूर वंगण देत राहिला. तिने तीस हजारांहून अधिक गोळ्या झाडल्या. काजळीने आतून डांबरासारखी काळी झालेली ती कार्बाइन अमेरिकी शस्त्रजगतात ‘फिल्दी १४’ या नावाने ओळखली जाते. या एका उदाहरणावरून सफाई सोडून द्यायची नाही. तिथे नळीला क्रोम होता, दारू चांगली होती आणि बिघाड झाला तर कोणाचा जीव जाणार नव्हता. पण एक क्रम त्यातून स्पष्ट होतो. शिलाई यंत्राला जसे चकाकण्यापेक्षा तेलाच्या थेंबाची गरज जास्त, तसेच धातूवर धातू घासणाऱ्या या यंत्राचे. पांढऱ्या कापडाच्या तपासणीत पास होणारी, पण बोल्ट कोरडा असलेली रायफल धोकादायक असते.

तेल किती आणि कोणते, हे मात्र हवेवर ठरते, आणि इथे एकच नियम सगळीकडे लावणारे फसतात. १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या वाटेवर जर्मन सैनिकांच्या बंदुकांतले तेल गारठून घट्ट झाले आणि बोल्ट हलेनासे झाले. शेजारच्या फिनलंडचे सैनिक थंडीत तेल जवळजवळ पुसून टाकत. सियाचीनसारख्या ठिकाणी आणखी एक गंमत आहे. उणे तापमानातून रायफल उबदार तंबूत आणली की तिच्यावर दव धरते, आणि तीच रायफल पुन्हा बाहेर नेली की त्या दवाचा बर्फ होतो, नेमका चापाच्या यंत्रणेत. वाळवंटात प्रश्न उलटा. तेलाला वाळू चिकटते आणि तेलकट वाळू पोलादाला कानशीसारखी झिजवते. पण तेल नाही दिले तर घर्षणाने यंत्रच थांबते. म्हणून तिथे थोडे तेल, पुन्हा पुन्हा, आणि रोज पुसणे हाच मार्ग.

हे न केल्यास काय होते, ते २३ मार्च २००३ ला इराकमध्ये दिसले. अमेरिकी लष्कराची ५०७ वी मेंटेनन्स कंपनी रस्ता चुकून नासिरिया शहरात शिरली आणि हल्ल्यात सापडली. अकरा सैनिक मारले गेले. जेसिका लिंच ही महिला सैनिक आणि आणखी काही जण पकडले गेले. लष्कराच्याच अहवालानुसार तुकडीतल्या बहुतेकांची शस्त्रे अडकली, आणि वाळवंटी हवेत ज्याने त्याने आपल्या शस्त्राची पुरेशी निगा न राखणे हे त्याचे एक कारण असू शकते. ही तुकडी दुरुस्ती आणि देखभालीसाठीच होती, यातली बोचरी बाजू अमेरिकी वर्तमानपत्रांच्याही नजरेतून सुटली नाही. त्यांना दिवसरात्र ट्रक चालवायचे होते, शस्त्र त्यांच्या दृष्टीने ओझे होते. हाच मुद्दा आपल्या पोलिसांपर्यंत येतो.

पण त्याआधी इन्सासचा विषय. नव्वदच्या दशकाअखेरीस भारतीय सैन्यात आलेल्या या देशी रायफलीबद्दल १९९९ च्या कारगिल युद्धात तक्रारी झाल्या. थंडीत प्लास्टिकची मॅगझिन तडकली, रायफली अडकल्या. २००५ मध्ये माओवाद्यांशी लढणाऱ्या नेपाळी सैन्यानेही इन्सासला दोष दिला, तेव्हा भारताच्या बाजूने उत्तर आले की रायफल नीट वापरली गेली नसावी. प्रत्येक देशात हा वाद याच वळणावर येतो. सैनिक म्हणतो शस्त्र वाईट, कारखाना म्हणतो सैनिक निष्काळजी. बहुतेक वेळा दोघांचेही थोडे खरे असते. रायफल साफ होत होती का, कशाने, कधी, याची लेखी नोंद नसेल तर हा वाद कधी मिटत नाही, आणि नोंद नसणे दोघांच्याही सोयीचे असते.

आता अमेठीजवळच्या कोरवा इथल्या कारखान्यात भारत आणि रशिया मिळून सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफली बनवत आहेत. सैन्याकडे या रायफली सांभाळायची शिस्त आहे, कोत म्हणजे शस्त्रकोठी आहे, आर्मरर आहेत, रोजची परेड आहे. पोलिसांचे तसे नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी थ्री नॉट थ्रीला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० रोजी. अशी म्हातारी शस्त्रे देशभर किती हातांतून गेली असतील! महाराष्ट्रातही चित्र सरसकट वाईट नाही. गडचिरोलीत १९९० पासून काम करणाऱ्या सी-६० पथकाचा जवान पावसाळ्यात नाले ओलांडत दिवसेन्‌दिवस जंगलात चालतो. त्याला रायफल पुसायला कोणी सांगावे लागत नाही. त्याचा जीव तिच्यावर आहे आणि ती रायफल त्याच्या ओळखीची आहे. याउलट बंदोबस्ताला निघालेल्या शहरातल्या शिपायाच्या हाती सकाळी शस्त्रागारातून एक कार्बाइन येते, संध्याकाळी ती परत जाते. उद्या दुसरी. महिनोन्‌महिने तिच्यातून एकही गोळी झाडली जात नाही, म्हणून ती साफ करायचे कारण कोणालाच दिसत नाही. वास्तविक न झाडलेल्या शस्त्राला मुंबईच्या खाऱ्या हवेत जास्त धोका असतो. तेल सुकून त्याचा चिकट राळेसारखा थर होतो, त्यावर धूळ बसते, स्प्रिंग मंद पडते आणि हातोडा टोपणावर हलकाच आपटतो.

सरावाचाही इथे थेट संबंध आहे. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या गोळीबाराच्या सरावाकडे आणि त्यासाठीच्या दारूगोळ्याच्या टंचाईकडे लक्ष वेधले होते. सराव नाही म्हणजे नेम कच्चा, एवढ्यावर ते थांबत नाही. शस्त्र नियमितपणे झाडले, की ते नियमितपणे उघडले जाते, पुसले जाते आणि त्याचा दोष मैदानावरच कळतो. ज्या बंदुकीतून वर्षभर गोळी झाडली नाही, तिचा दोष चौकात कळतो, आणि तिथे ‘ठाँय ठाँय’ ओरडण्यापलीकडे हाती काही उरत नाही.

करायला हवे ते काही अवघड नाही. प्रत्येक शस्त्राच्या क्रमांकापुढे एक साधी नोंद: शेवटची सफाई कधी, शेवटची गोळी कधी झाडली, कोणी तपासले. ठरावीक मुदतीत प्रत्येक शस्त्रातून प्रत्यक्ष काही फैरी. जुन्या काडतुसांचा वापर सरावात आधी, नवी राखीव. शस्त्रागारात प्रशिक्षित आर्मररची पदे रिकामी न ठेवणे. आणि शिपायाच्या ड्युटीच्या वेळात सफाईचा वेळ मोजणे, कारण बारा तास उन्हात उभे राहून आलेल्या माणसाकडून घरी जायच्या आधी रायफल उघडून पुसायची अपेक्षा ठेवणे म्हणजे त्याने ती पुसू नये अशीच व्यवस्था करणे आहे. यावर होणारा खर्च एखाद्या नव्या खरेदीच्या समारंभातल्या मंडपाएवढाही नसेल.

परवानाधारकांचा मामला निराळा आहे. कोकणात आणि गोव्यात रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून भातशेती, बागा वाचवायला ठासणीच्या आणि एकनळी बंदुकांचे परवाने दिलेले आहेत. ठासणीची बंदूक म्हणजे काळी दारू, आणि काळी दारू म्हणजे बार झाल्यावर त्याच दिवशी गरम पाणी. जुने बागायतदार हे पाळतात. नव्या पिढीत बंदूक वर्षातून दोनदा निघते, घरात हाताशी असेल ते तेल लागते आणि चामड्याच्या म्यानात घालून ती माळ्यावर जाते. चामडे पावसाळ्यात ओलावा धरून ठेवते; बंदूक गंजवायची याहून सोपी रीत नाही. स्वयंपाकाचे तेल काही महिन्यांत खवट आणि चिकट होते. बंदुकीचे तेल पातळ हवे, हात पुसल्यासारखे लावायचे, आणि काडतुसांच्या जवळपासही न्यायचे नाही, कारण टोपणात झिरपलेले तेल बार फुसका करू शकते.

आणि बंदूक साफ करताना गोळी सुटली, ही बातमी तर वर्षानुवर्षे कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून येतच असते. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. रिव्हॉल्व्हर ठेवताना हातातून निसटले, असे सांगण्यात आले. अशा प्रत्येक घटनेत शस्त्र भरलेले असते, एवढे समान सूत्र असते. मॅगझिन काढणे, चेंबर उघडून डोळ्यांनी आणि बोटाने तपासणे, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवणे, आणि मगच तेलाच्या बाटलीचे बूच काढणे. परवाना देताना हे हातात शस्त्र देऊन करवून घेतले पाहिजे.

निवडणुका आल्या की परवान्याच्या अनेक बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या २००९ मधल्या निकालानंतर सरसकट सगळ्यांकडून शस्त्रे न घेता छाननी समितीने प्रकरणागणिक ठरवावे, अशी पद्धत आली. तरी ज्या जमा होतात त्या मुद्देमालाच्या खोलीत उभ्या राहतात, कधी आठवडे, कधी महिने. लोकसभेची निवडणूक उन्हाळ्यात असते, निकाल लागेपर्यंत कोकणात पाऊस दाराशी आलेला असतो. बागायतदाराला बंदूक परत मिळते तेव्हा नळीत तांबूस भुकटी असते आणि रानडुकरे शेतात असतात. जमा करताना मिळणाऱ्या पावतीवर बंदुकीचा क्रमांक असतो. त्याच पावतीवर तिची अवस्था लिहायला एक रकाना, जमा करण्याआधी मालकाने ठाण्यातच तेल लावायची मुभा, आणि महिन्याने एकदा येऊन पुसून जायची परवानगी, एवढे तरी पुढच्या निवडणुकीआधी व्हावे.